एका पोत्याच्या दोन पावत्या: एका क्लासचं फंक्शन दुसऱ्या क्लासला देताना होणारे घोळ कसे शोधायचे

मार्च उजाडला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बियांचा मोसम सुरू होतो. वाळपई, होंडा, साखळी या पट्ट्यात बिया विकत घेणाऱ्या काही दुकानांना मी वजनाचा आणि पावतीचा प्रोग्राम करून दिला आहे. मे संपेपर्यंत मला फोन येत राहतात. "बटण दाबलं तरी काही होत नाही." "वजन येतं, पण पावतीवर चढत नाही." "अरे, एका पोत्याच्या दोन पावत्या आल्या, शेतकरी समोर उभा आहे, लवकर सांग काय करू." सांगण्याची तऱ्हा वेगळी, पण कोड उघडून बघितला की जागा बहुतेक वेळा तीच निघते: एका क्लासने आपलं फंक्शन दुसऱ्या क्लासकडे देऊन ठेवलेलं असतं, आणि त्या देण्याघेण्यात काहीतरी चुकलेलं असतं.

हा घोळ मी इतक्या वेळा सोडवला आहे की आता तपासणीचा क्रम पाठ झाला आहे. तोच इथे देतो. क्रम महत्त्वाचा आहे. दहा सेकंदांची तपासणी आधी, अख्खी दुपार खाणारी शेवटी. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं थेट थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांमध्ये) हात घालतात आणि चूक पहिल्याच ओळीतल्या कंसात असते, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आधी रचना सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. प्रोग्राम पायथनमध्ये आहे. "काटा" नावाचा एक क्लास सीरियल पोर्टवरून वजन वाचतो. "पावतीस्क्रीन" नावाचा दुसरा क्लास ते वजन दाखवतो, वहीत चढवतो आणि छापतो. काट्याला पावतीबद्दल काहीही ठाऊक असता कामा नये, कारण उद्या त्याच काट्यावर सुपारीचं वजन करायचं झालं तर काट्याचा कोड जसाच्या तसा वापरता आला पाहिजे. म्हणून पावतीस्क्रीन आपलं "नोंद" हे फंक्शन काट्याकडे देऊन ठेवते: वजन आलं की हे चालव. हाच कॉलबॅक.

दिवाडी बेटावर जायला जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उभं असताना आपण कुणाला तरी सांगतो, "फेरी लागली की मला हाक मार," आणि बाजूला सावलीत जाऊन बसतो. त्या एका वाक्यात तीन गोष्टी असतात: काय करायचं, कुणाला हाक मारायची, आणि हे किती जणांनी किती वेळा सांगून ठेवलं आहे. नवीन माणूस फक्त पहिल्या गोष्टीकडे बघतो. माझ्या अनुभवात चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत असतात. कॉलबॅक म्हणजे नुसतं फंक्शन नव्हे, त्याच्या पाठीवर एक ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासपासून तयार झालेली प्रत्यक्ष वस्तू, बसलेलं असतं. पुढच्या बहुतेक तपासण्या त्या ऑब्जेक्टच्याच शोधात आहेत.

कोडच्या ओळी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. पायथन ३ मध्ये क्लासची आणि फंक्शनची नावं देवनागरीत खरोखरच चालतात, मात्र लॅम्डा, फॉर, डेफ असे राखीव शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात. टाइप करताना तेवढं लक्षात ठेवा.

लक्षणं

आपलं लक्षण यात कुठे बसतं ते बघा.

– प्रोग्राम सुरू होताक्षणी काम होऊन जातं, नंतर बटण दाबलं तर काहीच नाही.
– स्क्रीन उघडतच नाही, प्रोग्राम सुरू असल्यासारखा नुसता बसून राहतो.
– "ननटाइप ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल" अशी एरर.
– "मिसिंग १ रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट" अशी एरर, तीही जे वजन तुम्ही नक्की पाठवलं आहे त्याच्याच नावाने.
– फंक्शन चालल्याचं प्रिंट दिसतं, पण समोरची स्क्रीन बदलत नाही.
– चार बटणं, चारही शेवटच्याचंच काम करतात.
– एका वजनाच्या दोन नोंदी, संध्याकाळपर्यंत तीन, चार.
– काही वेळ नीट चालतं, मग वजन येणं बंद. एरर नाही, काही नाही.
– कधीतरी, कारण नसताना, सगळं गोठतं किंवा प्रोग्राम अचानक नाहीसा होतो.

१. कंस बघा

फंक्शन जिथे दिलं आहे ती ओळ शोधा.

काटा.वजन_आल्यावर(सेल्फ.नोंद())
काटा.वजन_आल्यावर(सेल्फ.नोंद)

पहिली ओळ चूक, दुसरी बरोबर. सेल्फ म्हणजे ते ऑब्जेक्ट स्वतः. कंस लावले की फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि त्याने परत दिलेली वस्तू काट्याकडे जाते. "नोंद" काही परत देत नसेल तर काट्याच्या हाती नन, म्हणजे पायथनचं 'काहीच नाही', येतं. (फंक्शनला वजनासारखं आर्ग्युमेंट लागत असेल तर ते न मिळाल्याची एरर त्याच ओळीवर येते.) पुढे वजन आल्यावर काटा ते नन चालवायला जातो आणि वर सांगितलेली "नॉट कॉलेबल" एरर येते. धक्क्यावर "मला हाक मार" सांगण्याऐवजी आपणच मोठ्याने हाक मारून मोकळं व्हावं, तसं हे झालं.

टीकेइंटर या पायथनच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीच्या बटणात हीच चूक केली तर एररही येत नाही, कारण कमांडच्या जागी नन दिलं तर टीकेइंटर ते दिलंच नाही असं धरतो. बटण दिसतं, दाबलं जातं, काम होत नाही. जावास्क्रिप्टमध्ये सेटटाइमआउटला (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या सोयीला) फंक्शन कंसासकट दिलं तर ते लगेच चालतं आणि ठरवलेल्या वेळी काहीच होत नाही.

स्क्रीन उघडतच नसेल तर थ्रेड सुरू करण्याची ओळ बघा. टार्गेट=सेल्फ.वाच() असं लिहिलं असेल तर तो न संपणारा वाचनाचा फेरा वेगळ्या थ्रेडमध्ये जातच नाही. तो मुख्य थ्रेडमध्येच फिरत राहतो आणि पुढची ओळ कधी येत नाही. कंस काढा. एवढं एकच बघून निम्मे फोन माझे मिटतात.

सोबत आर्ग्युमेंट द्यायचं म्हणून कंस लावले असतील तर लॅम्डात (बिननावाच्या छोट्या फंक्शनमध्ये) गुंडाळा, नाहीतर आर्ग्युमेंट आधीच भरून ठेवणारं फंकटूल्समधलं पार्शल वापरा.

२. हातात काय आलं ते छापून बघा

कंस बरोबर असतील तर काट्याच्या "वजन_आल्यावर" फंक्शनमध्ये पहिलीच ओळ प्रिंटची टाका आणि जे आलं ते छापा. अंदाज बांधत बसू नका. छापलेल्यात "बाउंड मेथड" हे शब्द आणि त्यामागे ऑब्जेक्टचा पत्ता दिसला तर फंक्शन आपल्या ऑब्जेक्टसकट आलं आहे. नुसतं "फंक्शन" दिसलं आणि ते क्लासच्या आतलं असेल, तर ऑब्जेक्ट वाटेत सुटलं. नन दिसलं तर पहिल्या तपासणीकडे परत जा.

प्रिंट काढताना त्या जागी एक कायमची तपासणी ठेवा: आलेली वस्तू कॉलेबल (चालवता येण्याजोगी) नसेल तर तिथेच एरर फेका. कॉलबॅकमधली चूक होते सकाळी आणि दिसते दुपारी, पहिलं पोतं काट्यावर चढल्यावर. देतानाच अडवलं तर एररमध्ये देणाऱ्याची ओळ दिसते. नंतर पकडलं तर काट्याची ओळ दिसते, आणि माणूस तास-दोन तास निर्दोष काट्यात चूक शोधत राहतो.

३. हाक नेमकी कुणाला जाते आहे?

ही तपासणी मी सगळ्यांत जास्त वेळ घेऊन समजावतो, कारण दोन क्लासमधला कॉलबॅक अडतो तो इथेच.

पहिला प्रकार, ऑब्जेक्टऐवजी क्लासच्या नावाने फंक्शन देणं: काटा.वजन_आल्यावर(पावतीस्क्रीन.नोंद). पायथन ३ मध्ये हे साधं फंक्शन झालं, त्याच्यासोबत ऑब्जेक्ट नाही. काटा त्याला ४२.५ हे वजन देतो. फंक्शनचं पहिलं आर्ग्युमेंट सेल्फ आहे, म्हणून ४२.५ जाऊन सेल्फच्या जागी बसतं, आणि पायथन तक्रार करतो की "वजन" दिलेलं नाही. वाचणारा म्हणतो, मी वजन तर दिलं आहे! दिलं आहे, पण ते एक घर अलीकडे सरकलं आहे. जे पाठवलं त्याच्याच नावाने "मिसिंग" आलं की मी एरर पूर्ण वाचायच्या आधी डाव्या बाजूचं नाव बघतो, तिथे क्लास आहे की ऑब्जेक्ट.

दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण एरर येत नाही:

काटा.वजन_आल्यावर(पावतीस्क्रीन().नोंद)

इथे क्लासच्या नावापुढच्या कंसाने नवीनच एक पावतीस्क्रीन तयार झाली. हाक तिला जाते. ती इमानाने आकडा आपल्याजवळ लिहून घेते. पण दुकानदारासमोर उघडी आहे ती दुसरीच. प्रिंट टाकलं की "नोंद चालली" दिसतं, म्हणून माणूस स्क्रीनच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. एका मुलाने स्क्रीन ताजी करायचे पाच-सहा वेगवेगळे उपाय करून पाहिल्यावर मला कोड पाठवला होता. मी त्याला एकच सांगितलं: स्क्रीन तयार होते तिथे आणि "नोंद"च्या आत, दोन्हीकडे सेल्फचा आयडी छाप. दोन आकडे वेगळे आले. तेवढ्यावर त्याने स्वतःच चूक शोधली, मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

उपाय असा की ऑब्जेक्ट एकदाच तयार करायचं आणि तेच हातोहात पुढे द्यायचं. मी ही जोडणी प्रोग्रामच्या मुख्य फाइलमध्ये करतो: आधी काटा, मग स्क्रीन, मग तिसऱ्या ओळीत दोघांची गाठ. गाठ कुठे मारली आहे ते एका जागी दिसतं. काट्याच्या आत स्क्रीन बनवायची आणि स्क्रीनच्या आत काटा, असं केलं की कोण कुणाचं ते महिन्याभराने लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी हाच आजार "धिस हरवलं" या नावाने येतो. ऑब्जेक्टचं फंक्शन नुसतं काढून दिलं की त्याच्यासोबत धिस (पायथनच्या सेल्फसारखं) जात नाही, क्लासच्या आत लिहिलेलं असेल तर धिस अनडिफाइन्ड होतं. पायथन ऑब्जेक्ट चिकटवून देतो, जावास्क्रिप्ट देत नाही. ऑब्जेक्ट बांधून देणारं बाइंड वापरा (जावास्क्रिप्टच्या मानकाच्या २००९ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे) किंवा अॅरो फंक्शन (२०१५ पासून). दोन भाषा आलटून पालटून लिहिणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

४. फेऱ्यात बनवलेले लॅम्डा

काजू, सुपारी, मिरी, कोकम अशा चार मालांची चार बटणं फॉरच्या फेऱ्यात बनवली, प्रत्येकाला लॅम्डा दिला, आणि कुठलंही दाबलं तरी कोकमच निवडलं जातं. लॅम्डा "माल" या नावाची किंमत बनताना धरून ठेवत नाही, चालताना बघतो. बटण दाबेपर्यंत फेरा संपलेला असतो आणि त्या नावावर शेवटचं कोकम असतं. उपाय: लॅम्डा माल=माल: असं लिहून किंमत तिथेच बांधून टाका.

पायक्यूटी ही खिडक्या-बटणांची दुसरी लायब्ररी वापरत असाल तर या उपायातही एक खोच आहे. बटणाचा क्लिक्ड सिग्नल स्वतःहून एक खरं-खोटं आर्ग्युमेंट पाठवतो, आणि ते तुमच्या "माल"च्या जागी जाऊन बसतं. मग सगळीकडे "फॉल्स" दिसतं. तिथे लॅम्डा खूण, माल=माल: असं लिहा, म्हणजे पहिलं आर्ग्युमेंट बाजूला पडेल.

५. एरर गिळली जाते आहे का

"काहीच होत नाही, एररही नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी ट्राय-एक्सेप्ट-पास, म्हणजे एरर पकडून काही न करता सोडून देणाऱ्या ओळी, शोधतो. काट्याची केबल हलली तरी प्रोग्राम बंद पडू नये म्हणून कुणीतरी पूर्ण फेऱ्याभोवती ते घातलेलं असतं. ते केबलची एरर गिळतं आणि सोबत तुमच्या कॉलबॅकचीही. पास काढून तिथे लॉगिंग.एक्सेप्शन लिहा.

उलट बाजूही आहे. ट्राय अजिबात नसेल आणि काटा वेगळ्या थ्रेडमध्ये वाचत असेल, तर कॉलबॅकमधली एकच न पकडलेली एरर तो थ्रेडच संपवते. स्क्रीन जिवंत, बटणं चालू, वजन मात्र प्रोग्राम पुन्हा सुरू करेपर्यंत गप्प. म्हणून काट्याने प्रत्येक कॉलबॅक स्वतंत्र ट्रायमध्ये चालवावा आणि एरर फाइलीत लिहावी. फाइलीत लिहिणं गरजेचं आहे, कारण दुकानात दिलेला प्रोग्राम काळ्या खिडकीशिवाय (कन्सोलशिवाय) चालतो, तिथे छापलेली एरर कुणाला दिसत नाही. वाळपईतल्या दुकानदाराला "ती फाइल पाठव" इतकं सांगता आलं तरी माझी एक फेरी वाचते.

६. किती वेळा सांगून ठेवलं आहे?

आता त्या दोन पावत्या.

एप्रिलमधल्या एका दुपारी दुकानातून फोन आला. ३१.४ किलोच्या एका पोत्याच्या दोन पावत्या, लागोपाठच्या क्रमांकांच्या, तोच मिनिट. सकाळी सगळं ठीक होतं. मी विचारलं, मध्ये वीज गेली होती का? गेली होती. काट्याची जोडणी तुटली, वीज आल्यावर त्यांनी "काटा पुन्हा जोडा" हे बटण दाबलं आणि काम सुरू केलं. दुसऱ्या दिवशी वीज दोनदा गेली असती तर तीन पावत्या आल्या असत्या.

चूक माझ्या कोडमध्ये होती. "जोडणी" या फंक्शनमध्ये मी दोन कामं एकत्र केली होती: पोर्ट उघडणं, आणि काट्याच्या यादीत "नोंद" घालणं. पोर्ट तुटला की पुन्हा उघडावाच लागतो. यादीत नाव पुन्हा घालायचं कारण नव्हतं, जुनं तिथे होतंच. ज्या माणसाने वर्षभर बाग राखून पोतं आणलं त्याच्यासमोर दुकानदाराला हिशोबाचा खुलासा करत बसावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून ही तपासणी मी कुठल्याही नव्या प्रोग्राममध्ये आधीच करून ठेवतो.

मात्र कोडला हात लावण्याआधी काट्याकडे बघा. बरेच वजनकाटे दोन प्रकारे आकडा पाठवू शकतात: सतत, सेकंदाला अनेकदा, किंवा वजन स्थिर झाल्यावर एकदाच. कुणीतरी सेटिंग सततवर केलं असेल तर तुमचा कॉलबॅक बरोबर असूनही नोंदी अनेक होतील. पोर्टवरून ओळ वाचली जाते तिथे वेळेसकट प्रिंट टाका. पोर्टवर एकच ओळ आणि नोंदी दोन, तर दोष कॉलबॅकच्या यादीत. पोर्टवरच दोन ओळी, तर दोष काट्याच्या सेटिंगमध्ये.

दोष यादीत असेल तर प्रत्येक वजनाला यादीची लांबी छापा. दिवसभर ती एकच राहायला हवी. वाढत असेल तर दोन कारणं असतात.

एक, तेच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा नाव घालतं, जसं माझं झालं. घालण्यापूर्वी "आहे का" बघितलं की संपलं. पायथनमध्ये सेल्फ.नोंद असं प्रत्येक वेळी लिहिलं की नवी बाउंड मेथड तयार होते, त्यामुळे इज वापरून तुलना केली तर ती नेहमी खोटी ठरते. दोन बरोबरच्या चिन्हांनी केली तर खरी येते. यादीवरचं इन आणि रिमूव्ह बरोबरीने बघतात, म्हणून ते चालतात. लॅम्डा दिला असेल तर हा मार्ग बंद, कारण दोन लॅम्डा दिसायला सारखे असले तरी बरोबर ठरत नाहीत. काढायचा असेल तो लॅम्डा आधी सेल्फमध्ये जपून ठेवावा लागतो. जावास्क्रिप्टमध्ये बाइंडचं तेच: दर वेळी नवं फंक्शन मिळतं, म्हणून रिमूव्हइव्हेंटलिसनरला पुन्हा बाइंड करून दिलं तर जुना लिसनर निघत नाही, आणि तो सांगतही नाही की निघाला नाही.

दोन, ऑब्जेक्ट वेगवेगळी आहेत. पावतीची स्क्रीन बंद केली, पुन्हा उघडली. नवी स्क्रीन, नवं ऑब्जेक्ट, यादीत नवं नाव. जुनी डोळ्यांआड झाली, पण यादीने तिचं फंक्शन धरलं आहे आणि फंक्शनने तिला, म्हणून ती मेमरीतून जात नाही. वजन आलं की ती मिटलेली स्क्रीनही वहीत नोंद करते, आणि मग आपल्या नसलेल्या लेबलवर आकडा लिहायला जाऊन "इनव्हॅलिड कमांड नेम" अशी एरर देते. टीकेइंटरमध्ये ही एरर दुहेरी नोंदींसोबत दिसली तर कारण हेच, बहुतेक नक्की. "आहे का" बघून इथे भागत नाही. स्क्रीन बंद होताना तिने आपलं नाव काढून घेतलंच पाहिजे. मी आता "वजन_आल्यावर"कडूनच एक "रद्द" फंक्शन परत घेतो, ते सेल्फमध्ये ठेवतो आणि स्क्रीन बंद होण्याच्या फंक्शनमध्ये पहिलं तेच चालवतो.

नाव काढण्यावरून आणखी एक. काटा यादीवरून फेरा मारत असतानाच एखाद्या कॉलबॅकने स्वतःचं नाव काढलं तर त्याच्या पुढचा सुटतो, कारण यादी एक घर मागे सरकते. फेरा यादीच्या प्रतीवर मारा.

७. यादी रिकामी कशी झाली

सहावीच्या उलट. नाव घातलं होतं, पण हाक येत नाही आणि यादीत कुणी नाही. काही लायब्ररी कॉलबॅक कच्च्या दोऱ्याने धरतात, म्हणजे वस्तूला मेमरीत अडवून न ठेवणाऱ्या वीक रेफरन्सने, कारण त्यांना वरचा मेमरीचा त्रास नको असतो. जॅंगो या पायथनच्या वेब लायब्ररीचे सिग्नल मुळातच असे आहेत. फंक्शनच्या आत बनवलेलं फंक्शन किंवा लॅम्डा तिथे दिलं आणि दुसरीकडे कुठेच धरून ठेवलं नाही, तर ते नाहीसं होतं. जॅंगोत वीक=फॉल्स द्या किंवा फंक्शन बाहेर लिहा. स्वतः वीक रेफरन्स लावत असाल तर सेल्फ.नोंदवर साधा वीकरेफ चालत नाही. ती बाउंड मेथड त्याच क्षणी मरते. त्यासाठीच पायथन ३.४ मध्ये, २०१४ साली, वीकमेथड आलं.

८. थ्रेड

इथवर येऊन दोष सापडला नसेल आणि लक्षण "कधीतरी गोठतं" हे असेल, तर कॉलबॅकच्या आत चालू थ्रेडचं नाव छापा. "मेनथ्रेड" नसेल तर काटा आपल्या थ्रेडमधून थेट तुमच्या स्क्रीनला हात लावतो आहे. कॉलबॅक ज्याने बोलावला त्याच्या थ्रेडमध्ये चालतो, ज्याने लिहिला त्याच्या नव्हे. हे एक वाक्य कळायला मला बराच काळ लागला. घरी एखादं वजन टाकून बघितलं तेव्हा सगळं सुरळीत होतं, दुकानात पोत्यांमागून पोती येऊ लागल्यावर स्क्रीन गोठली.

कॉलबॅकने स्क्रीनला हात न लावता वजन क्यूमध्ये (रांगेत) टाकायचं आणि परतायचं. स्क्रीनने आफ्टर वापरून दर १०० मिलिसेकंदांनी क्यू बघायची आणि जे असेल ते लेबलवर लिहायचं. आफ्टरला फंक्शन देताना पुन्हा पहिली तपासणी करा, कंस. क्यूटीत याच कामाला सिग्नल आहेत. पायथनचं असिंकआयओ (एकाच थ्रेडमध्ये अनेक कामं आलटून पालटून चालवायची सोय) असेल तर दुसऱ्या थ्रेडमधून कॉल_सून_थ्रेडसेफनेच हाक मारायची. तिथे कॉलबॅक म्हणून असिंक फंक्शन दिलं आणि "नेव्हर अवेटेड" अशी सूचना आली, तर ते चाललेलंच नाही, नुसतं तयार होऊन पडलं आहे.

कुठे थांबायचं

काट्याच्या कंपनीची सी भाषेतली लायब्ररी सीटाइप्सने (पायथनमधून सी चा कोड चालवायच्या सोयीने) जोडली असेल आणि प्रोग्राम एकही ओळ न लिहिता नाहीसा होत असेल, तर एकच गोष्ट करून बघा: सी कडे दिलेलं कॉलबॅक ऑब्जेक्ट सेल्फमध्ये धरून ठेवा. पायथनच्या बाजूने ते कुणी धरलं नाही तर ते साफ होतं आणि सी मोकळ्या जागेला हाक मारतो. एवढ्याने थांबलं तर उत्तम. नाही थांबलं तर पुढे जाऊ नका. सी आणि सी++ मध्ये मेलेल्या ऑब्जेक्टला गेलेली हाक कधी चालते, कधी चुकीचा आकडा देते, कधी कोसळते, आणि "आता चालतंय" याचा तिथे काही अर्थ नाही. डीबगर आणि अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) रोज वापरणाऱ्या माणसाला बोलवा, त्याला कोसळण्याआधीची लॉग फाइल द्या.

दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकवर अडून बसत असतील, तर स्लीप घालून घालून मार्ग काढू नका. स्लीपने दोष जात नाही, कमी वेळा दिसतो, आणि मग शोधणाऱ्याला तो पकडताही येत नाही. अनुभवी माणूस येईपर्यंत कोड आहे तसा ठेवा.

नोंदी चुकीच्या होत आहेत असा नुसता संशय आला तरी दुकानातला प्रोग्राम त्या घडीला बंद करा आणि पावतीपुस्तकावर हाताने लिहायला सांगा. लोकांचे पैसे त्या आकड्यांवर आहेत. आधीच्या दुहेरी नोंदी खोडू नका. लागोपाठ क्रमांक, तीच वेळ, तेच वजन अशा नोंदींची यादी काढून दुकानदार आणि त्याचा हिशेबनीस यांच्या हाती द्या. कुठली खरी हे ठरवणं त्यांचं काम, आपलं नाही.

आणि काट्याच्या डब्यावर दिसणारा आकडाच चुकीचा असेल, म्हणजे प्रोग्राम बंद असतानाही चुकीचा, तर तो विषय कॉलबॅकचा नाही. काट्यावर सील आणि शिक्का असतो, तो वैध मापनशास्त्र कायदा, २००९ खाली. तो डबा तुम्ही उघडू नका, दुकानदारालाही उघडू देऊ नका. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा, आणि पुन्हा शिक्का बसेपर्यंत त्या काट्यावर एकही पोतं चढवू नका.